आधी घरी कळू दे

अंबादास सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्यावर लिहायला बसले, तर प्रत्येक वाक्य दोनदा तपासते आहे. गौरव राहील बाजूला, सर आधी माझ्या तपशिलातल्या चुका काढतील.

बार्शीहून सोलापूरला येऊन मी एका दैनिकात उमेदवार छायाचित्रकार म्हणून लागले, तेव्हा तिथले मुख्य छायाचित्रकार असलेले सर निवृत्त झालेले होते. पण नव्यांना शिकवायला रोज कार्यालयात येत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. "माणसांशी बोलता येतं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि भीतीनं दिवसभर तोंड उघडलं नाही.

थोड्याच दिवसांत चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला आग लागली. सर माझ्याबरोबर आले होते. एका भाजलेल्या कामगाराला बाहेर आणताना मी फोटो काढला. चेहरा स्पष्ट, वेदना स्पष्ट. असा फोटो आपल्याला मिळाला याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. तेवढ्यात कार्यालयातून संपादकसाहेबांचा फोन आला: फोटो लगेच पाठव, वेबसाइटवर टाकायचा आहे.

"आधी घरी कळू दे की," सर म्हणाले. "बायकोनं नवऱ्याला असं मोबाइलवर बघायचं का?"

मी तसं कळवलं. साहेबांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली आणि तोवर फोटो आला नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं बजावलं. सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "उशीर माझ्यामुळं होतोय, तिला बोलू नका," असं त्यांनी सांगितलं. तरी नोकरी जाणार होती ती माझी.

त्या कामगाराचं घर मोडनिंबला होतं. सोबत्यांनी त्याच्या बायकोला 'थोडं लागलंय' एवढंच सांगून बोलावलं होतं. आम्ही दवाखान्यात जिन्यापाशी बसून राहिलो. सरांनी चहा आणला. ती लवकर यावी असं वाटे आणि येऊच नये असंही वाटे.

ती आली, आत जाऊन नवऱ्याला भेटली, बाहेर येऊन भिंतीला टेकली. सरांनी तिला सावरायला वेळ दिला. मग उठून हात जोडले, आम्ही कोण ते सांगितलं. "फोटो आहे. बघायचा नसेल तर नका बघू. छापायचा की नाही, तुम्ही सांगा."

तिनं बराच वेळ पाहिला. "छापा की. कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप हुतं म्हणत्यात, ते बी छापा. पण आज नगं. घरी सासू हाय, पोरं हायत. त्यास्नी मी सांगते आदी."

मी 'आज नाही' असं कळवलं. साहेबांचा सगळा राग सरांनी ऐकून घेतला. मग वार्ताहराला बरोबर घेऊन त्यांनी त्या कुलपाचा छडा लावला आणि फोटो त्या बातमीसोबत छापून आला. माझी नोकरी कशी टिकली, हे सर अजून सांगत नाहीत.

मागच्या वर्षी एका समारंभात सर व्यासपीठावरच कोसळले. समोर कॅमेरे घेऊन उभे होतो ते आम्ही, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. सगळ्यांचे कॅमेरे खाली आले. सरांच्या घरी काकूंना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी त्यांना फोन लावला.

शुद्धीवर आल्यावर सरांनी काकूंचा हात धरूनच विचारलं, "फोटो कुणी काढला?" कुणीच नाही, हे ऐकून ते भडकले. "छापायचं नंतर ठरवतात. काढायचा तर असतोच की. हेच शिकवलं का तुम्हाला?"

सर, तेव्हापासून तुम्ही फोन उचलायला उशीर केलात की माझा जीव खालीवर होतो. गोळ्या वेळेवर घ्या, ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि हवं तेवढं रागवा. फक्त तसला फोटो काढायची वेळ पुन्हा आणू नका. आणलीत, तरी आमच्या हातून तो निघायचा नाही.