साहेबांच्या मापाचे गाऊन

आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो, पण चहा संपवून घ्या आधी. हसताना ठसका लागला तर मला दोष देऊ नका.

झालं काय, माझ्या सासूबाई मालवणहून आमच्याकडे मुलुंडला राहायला आल्या. आठ दिवसांसाठी. बाई सोन्यासारखी. येताना कुळथाचं पीठ, आमसुलं, माझ्यासाठी फणसपोळीचा वेगळा डबा. माझी काही म्हणजे काही तक्रार नाही. पण त्या घोरतात. साधंसुधं नाही हो. मायलेकी आत बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये सोफ्यावर, मधे भिंत. तरी वाटत होतं, कोणीतरी माझ्या उशाशी लोखंडी कपाट सरकवतंय. भिंतीपर्यंत नेतंय, परत आणतंय. रात्रभर.

सकाळी शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आईला लागणाऱ्या वस्तू अ‍ॅपवर कार्टमध्ये टाक आणि लिंक मला पाठव. मी बघितल्याशिवाय ऑर्डर करू नकोस. मागच्या वेळी तू मागवलेला झाडू बाहुलीचा निघाला."

यात खोटं काही नव्हतं.

मी साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत अ‍ॅडमिन बघतो. तिथेही हाच नियम. पँट्रीचं सामान मी कार्टमध्ये भरायचं, लिंक शिर्के साहेबांना पाठवायची, त्यांनी मंजूर केलं की ऑर्डर. लिंक उघडली की समोरच्याला प्रत्येक वस्तूखाली शेरा लिहिता येतो. शेरा कोणाचा हे कळायला एक छोटा गोल, त्यात नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. शिर्के साहेबांचा एस. शुभाचाही एस.

आलं ना लक्षात, गाडी कुठे चाललीय ते?

डोळ्यांवर झोप. त्या झोपेतच मी दोन्ही कार्ट भरल्या, दोन्ही लिंका पाठवल्या आणि उलट्या पाठवल्या. ऑफिसची बायकोला, घरची साहेबांना. घरच्या कार्टमध्ये काय होतं? आंघोळीला बसायचं स्टूल, गुडघ्याचं तेल, दोन कॉटनचे गाऊन. आणि सगळ्यात खाली, कानात घालायचे बोळे. ते माझे. मी ते गुपचूप वेगळे मागवणार होतो, पण काढायचे राहून गेले.

थोड्या वेळाने स्टुलाखाली शेरा आला. 'प्रयोजन काय?'

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शुभा सरकारी ऑफिसात फायलींवर टिपणं लिहिते, आणि रागावली की घरीही तीच भाषा. एका भांडणानंतर फ्रिजवर चिठ्ठी होती, 'दूध संपले आहे. उचित कार्यवाही व्हावी.' त्यामुळे मी समजलो की बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलंय. मी गोडीत लिहिलं, 'अगं, आंघोळीला बसायला. उभ्याने तोल जातो, सकाळीच बोललो ना आपण?'

तेलाखाली शेरा आला. 'कोण वापरणार?'

मी लिहिलं, 'झोपताना तू चोळून दे. तू दमलीस तर मी चोळीन, त्यात काय लाजायचं.'

'गाऊन कोणत्या मापाचे?'

'तुझ्याच मापाचे टाकलेत. आधी घालून बघ. फुलाफुलांचा आवडला तर एक तुलाच ठेव.'

पलीकडे काचेच्या केबिनमध्ये शिर्के साहेब मान खाली घालून टाइप करत होते. मला वाटलं, टॅक्सचं काहीतरी असणार. बिचारे.

आणि मग आला तो शेरा. 'कानातील बोळे. आवश्यकता स्पष्ट करावी.'

माझी झोप खाडकन उडाली. पकडलो गेलो यार. आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून मी मन मोकळं केलं. 'चुकलो गं. काल घोरण्याने डोळ्याला डोळा लागला नाही, मिनिटभरही नाही. पण माणूस लाखमोलाचं आहे, मला घोरण्यासकट प्रिय आहे. राग सोड. संध्याकाळी गजरा घेऊन येतो.'

पाठवलं, आणि फोन वाजला. शुभा.

"हे काय पाठवलंयस तू?"

"लिहिलं ना आता, चुकलो म्हणून."

"कुठे लिहिलंस? पाचशे कागदी कप, फिनेलचे कॅन, टिश्यूची खोकी. माझी आई आठ दिवस राहायला आलीय रे, तिचं लग्न नाही लावायचंय."

"मग तो बोळ्यांचा शेरा?"

"कसले बोळे?"

मी फोन ठेवला. हळूच केबिनकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते. पुसून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं, आणि मला बोटाने आत बोलावलं.

"बसा परब." आवाज अगदी शांत. "मी आधी सगळे शेरे लिहून टाकतो, उत्तरं शेवटी एकदम वाचतो. आत्ता वाचली."

"साहेब, ते तुम्हाला नव्हतं."

"आलं लक्षात. गाऊनपाशी आलं."

"गाऊनपाशी? म्हणजे तेलाचं वाचलंत तेव्हा..."

"तेव्हा जरा विचारात पडलो होतो."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, तीही सोय नाही. मी सॉरी सॉरी करत उठलो, तर साहेब म्हणाले, "घरचं सामान कंपनीतून मंजूर होणार नाही, ते रद्द करा. आणि त्या स्टुलाची लिंक मला वेगळी पाठवा. माझ्या आईलाही हवंय."

संध्याकाळी गजरा घेऊन घरी गेलो. कबूल केला होता साहेबांना, दिला बायकोला. सगळी हकिगत सांगितली आणि पुरावा म्हणून मोबाइलच तिच्या हातात दिला. अक्कल बघा माझी. ती मोठ्याने वाचायला लागली. 'तू दमलीस तर मी चोळीन' वाचून गालात हसली, म्हणाली, "इतकं गोड मला कधी लिहिलं नाहीस." मी खूश. तोवर ती खाली बोळ्यांपाशी पोचली होती, आणि तेही तिने मोठ्यानेच वाचलं. घोरण्यासकट.

सासूबाई समोर सोफ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"जावयबापू, ते बोळे इले काय?"

"नाही नाही आई, रद्द केले," मी घाईघाईने म्हणालो. "मला नकोच आहेत."

"तुमका नको, पण माका होये होते. काल रातभर तुमच्या घोरण्यान डोळ्याक डोळो लागूक नाय माझ्या. मधी भिंत आसा, तरीपण." त्यांनी पुढची लसूण उचलली. "शुभाचो बापूस पण घोरायचो, पण माणसासारखो."