चंदाबाईची लाइन

चंदाबाईच्या हातचा मार खाल्ला नाही असा भंगारवाला अमरावतीत शोधून सापडायचा नाही. वजनात मारणाऱ्या एकाला तिनं त्याच्याच काट्याच्या दांडीनं बडवलं होतं, आणि पोत्याला हात घालणाऱ्या दारुड्याचे दात भर चौकात पाडले होते. बाई भांडकुदळ होती असं नाही हो. पण प्लास्टिक वेचून जगायचं तर गरीब गाय होऊन भागत नाही.

तिची लाइन राजापेठेतली. लाइन म्हणजे वेचायच्या गल्ल्या. तिथं क्लासेसची पोरं पाण्याच्या बाटल्या फेकत आणि घरोघरच्या बाया दुधाच्या पिशव्या राखून ठेवत. वस्तीतल्या वेचणाऱ्या बायकांचा कायदा एकच होता: दिवस उजाडता जी लाइनीवर उभी, लाइन तिची. एक सकाळ रिकामी गेली की दुसऱ्यानं घ्यावी, कोणी ब्र काढायचा नाही. म्हणून नवरा गेला त्या दिवशीही चंदाबाई आधी लाइन मारून आली, मग रडायला बसली. लोकांनी नावं ठेवली. ठेवू द्या, त्यांच्या घरात कुठं तिची आचल वाढत होती? पोरगी बारावीला होती आणि तिच्या हाताला पोतं लागू द्यायचं नाही, हा आईचा हट्ट. आचलनं एकदा वाटेतली बाटली उचलून आणली, तर तिच्या पाठीत लाटणं मोडलं होतं.

मग सरकारला प्लास्टिक दिसलं. पातळ पिशव्यांवर बंदी आली, दुकानांवर धाडी पडल्या. त्याचं चंदाबाईला काही नव्हतं, त्या पिशव्यांना भंगारात विचारतो कोण? पण पुढं ओला-सुका वेगळा करायचा हुकूम निघाला, दारोदार घंटागाडी आली, आणि सुका कचरा ठेकेदाराच्या शेडात जाऊ लागला. विचार चांगलाच होता. फक्त आजवर हे प्लास्टिक वेचलं कोणी, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

ठेकेदाराचा मुकादम जीवन याच वस्तीतला. आई त्याचीही वेचणारीच. राजापेठेतल्या बाया घंटागाडीत काही टाकत नाहीत, सगळं चंदाबाईसाठी ठेवतात, हे त्याला सलत होतं. तिला हुसकावलं असतं तर सगळ्या वेचणाऱ्या अंगावर आल्या असत्या. पण लाइन त्यांच्याच कायद्यानं गेली तर कोण बोलणार?

एका संध्याकाळी तो तिच्या झोपडीसमोर आला आणि रचलेल्या पोत्यांवर रॉकेल ओतून काडी लावली.

"मावशे, हे आता ठेकेदाराचं," तो म्हणाला.

चंदाबाईनं कचरा उकरायचा लोखंडी आकडा उचलला आणि त्याचा गाल फाडला. तो खाली पडला, तरी ती थांबली नाही. खांद्यावर, पाठीवर, हातावर, जिथं सापडेल तिथं हाणत राहिली. पोत्यांचा काळा धूर नाकातोंडात जात होता. जीवननं एकदाही हात उचलला नाही. इथंच तिला कळायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर असेल तर ना.

पोलिसांनी तिला गाडीत घातलं, तेव्हा गालाला रुमाल दाबून तो जवळ आला. "मावशे, सकाळी तुह्या लाइनीवर माहे मानसं उभे रायतीन."

आता तिला कळलं. तिनं दारावर डोकं आपटलं. धावत आलेल्या आचलला ती ओरडून एवढंच म्हणाली, "उद्या पेपर देजो, पोरी. इकडं पाहू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी जामीन झाला. चंदाबाई अनवाणी राजापेठेत धावली.

क्लासच्या पायरीवर आचल बसली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद, कॉलेजच्या ड्रेसची बाही गायब. मांडीवर आकडा, शेजारी भरलेलं पोतं. भोवती वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. जीवनच्या दोन माणसांनी तिला केसाला धरून रस्त्यावरून फरफटवलं होतं, म्हणे. तिनं एकाच्या मांडीत आकडा घातला, तेव्हा सुटली.

"हटली नाही व पोट्टी," कौशल्या म्हणाली. ती शेजारची लाइन मारायची. "चंदे, आता हे लाइन आचलची."

हे ती मायेनं म्हणाली. चंदाबाईनं पुढं होऊन पोरीच्या सुजलेल्या गालावरच थप्पड ठेवून दिली.

"पेपर होता न तुहा?"

"मी हलली असती तं थे परत आले असते, माय."

चंदाबाईनं दोन्ही हातांनी पोतं ओढलं. आचलनं गाठ मुठीत घट्ट धरली होती. आईनं पुन्हा ओढलं, मग बोटं उलगडायला लागली, मग रडत रडत त्या बोटांना चावली. पोरगी कळवळली, पण पोतं काही सोडेना.