पोलंडहून आलेला कोंबडा

पोळ्यानंतरचा आठवा दिवस, साल १९६८. रक्कम एक रुपया दहा पैसे. चिखलीच्या आमच्या ओट्यावर आई, बाबा, दादा, पोस्टमन आणि मी. आज माझी मुलगी कुंड्यांना गेरू लावत होती, त्या ओल्या वासाने ती दुपार परत आली.

दादा मित्रांसोबत सायक्लोस्टाइल मासिक काढायचा. पोलंडमधल्या अशाच एका छोट्या मासिकाशी त्याची अंकांची देवघेव होती. आईने कागदावर गेरूने काढलेली बैलजोडी त्याने तिकडे धाडली होती. वर्षभर आई विचारत होती, "पोचली का रे?"

अंक आला तो नॉटपेड. तिकडून तिकिटं कमी लावली होती, उरलेले पैसे आम्ही भरायचे.

"रद्दीले रुपाया द्याचा काय बे?" बाबा दादाला म्हणाले.

आईने आपल्या डब्यातून पैसे आणून पोस्टमनला दिले.

अंकात तिची बैलजोडी होती. समोरच्या पानावर तिथल्या कुण्या बाईने घराच्या भिंतीवर रंगवलेला कोंबडा होता. स्वतःचं चित्र आईने एकदाच पाहिलं. कोंबड्यावरून मात्र ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"शेपटीपाशी हिचाबी रंग सरला पाह्य. मंग पुन्हा कुंचला बुडवला तिनं."

तेव्हा मला त्या मासिकवाल्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचाही खिसा दादाएवढाच असणार.

आठवड्याने आईने मोर काढून दिला. "पुरी तिकिटं लाव," ती दादाला म्हणाली, "तिच्या घरी भांडण नको." पोस्टात दोन रुपये चाळीस पैसे भरले. तेही आईनेच.