सईसाठी प्लेटलेट

मरोळच्या गावठाणात राहणारा जॉनी मिस्किटा वेल्डिंगची कामं करायचा. शेजारच्या भीमराजच्या मुलीला, सईला, रक्ताचा कर्करोग झाला तेव्हापासून तो तिच्यासाठी प्लेटलेट द्यायला जाऊ लागला. औषधांमुळे तिच्या हाडांमध्ये नवं रक्त नीट तयार होत नव्हतं. प्लेटलेट उतरल्या की हिरड्यांतून रक्त सुरू व्हायचं, ते थांबायचंच नाही.

त्या सकाळीही तसंच झालं. सईला हॉस्पिटलात पोचवून भीमराज जॉनीला न्यायला आला.

"चल रे, आजच लागणारेत."

रिक्षात बसल्यावर जॉनीला आठवलं, काल दाढ ठणकत होती म्हणून आपण अ‍ॅस्पिरिन घेतली होती. पण भीमराजचा चेहरा बघून त्याच्या तोंडून ते निघेना.

रक्तपेढीत टेक्निशियन श्वेताने नेहमीसारखं विचारलं, "अंकल, दोन-तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन वगैरे काही?"

"नाही."

मशीन सुरू झालं. ते जॉनीच्या रक्तातून प्लेटलेट काढून घेत होतं आणि बाकीचं रक्त त्याच्या अंगात परत सोडत होतं. वरच्या पिशवीत पिवळसर पाणी साठत होतं.

"हे रक्त आहे?" पलीकडच्या खुर्चीवरच्या नव्या रक्तदात्याने विचारलं.

"रक्तातलाच भाग," श्वेता म्हणाली. "लाल पेशी ऑक्सिजन पोचवतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात. हे पाणी म्हणजे प्लाझ्मा, आणि त्यात आहेत प्लेटलेट. कुठे जखम झाली की एकमेकींना चिकटून त्या भोक बुजवतात."

"मग अ‍ॅस्पिरिनचं कशाला विचारता?"

"ती घेतली की त्या नीट चिकटत नाहीत. मरेपर्यंत तशाच राहतात. अंगात नव्या तयार व्हायची वाट बघायची."

जॉनीला पिशवीकडे बघवेना. श्वेताने सुई काढली तेव्हा तो म्हणाला, "काल घेतली होती. मी खोटं बोललो."

"आधी सांगायचं ना, अंकल. दुसरा कोणीतरी बघितला असता." तिने ती पिशवी बाजूला ठेवली.

बाहेर येऊन जॉनीने भीमराजला स्वतःच सगळं सांगितलं. भीमराज ओरडला नाही. फोन काढत एवढंच म्हणाला, "तू घरी जा."

जॉनी गेला नाही, वॉर्डबाहेरच्या जिन्यावर बसून राहिला. भीमराजचा मित्र सुयोग कांजूरमार्गहून येऊन, त्याच्या तपासण्या होऊन पिशवी सईला लागेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर दाराच्या फटीतून जॉनीला ती दिसत होती, तोंडात कापसाचा बोळा धरून बसलेली. मधूनच वाकून वाटीत लाल थुंकायची.

काही आठवड्यांनी भीमराज पुन्हा दारात आला.

"सईला पुन्हा लागतायत."

"मी चालेन तुला?"

"चल," भीमराज म्हणाला. त्या दिवसाचा विषय त्याने पुढे कधीच काढला नाही.

सई आता बरी आहे, शाळेत जाते. मैत्रिणी घरी आल्या की जॉनीकडे बोट दाखवून सांगते, "अंकलनी मला वाचवलं."

तिला कुणी काही सांगितलेलं नाही. जॉनी मान हलवतो आणि काहीतरी काम काढून आत जातो.