कोमट पाण्यातला तिसरा हात

फ्रीजरमध्ये बर्फाला चिकटलेली मटारची पिशवी सोडवताना आज उजव्या हाताची बोटं पांढरी पडली, आणि मला जुन्नरची ती सकाळ आठवली.

लग्नानंतरची पहिलीच थंडी. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओले हातमोजे काढून मी लोखंडी रॅकवर क्रेट लावत राहिले. बाहेर आले तर दोन्ही हातांची बोटं मेणासारखी. चिमटा काढला, काहीच कळेना. मला तर गंमतच वाटली! माहेरी आमच्याकडं थंडीवर उपाय एकच, शेकोटी. हात जाळावर धरणार, तोच नणंदेनं मनगट पकडलं.

"वहिनी, जाळ नको! भाजलं तरी तुमाला कळायचं न्हाई."

"मग चोळू?"

"चोळू बी नका."

तिनं बादलीत कोमट पाणी घेतलं, माझे हात बुडवले आणि स्वतःचाही एक हात आत ठेवला. आधी मुंग्या आल्या, मग बोटं लाल होऊन ठणकू लागली.

"लई दुखतंय."

"दुखू द्या. जीव येतोय त्यांच्यात."

मी हात ओढून घेईन म्हणून ती धरून बसलीय, असं तेव्हा वाटलं होतं.

आज पाणी कोमट केलं आणि बधिर बोटं बुडवण्याआधी नकळत डावा हात घालून पाहिला. त्या सकाळी माझ्याकडं चटका कळेल असा एकही हात नव्हता. म्हणून तिनं तिचा ठेवला होता.