काकांची रायफल आणि कागदाची पट्टी

अरविंदकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम कागदाची एक पट्टी असे. दार घासू लागलं, खिडकी नीट बसेना, की काका ती पट्टी फटीतून सरकवत आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करत. "दोष ओरडत नाही रे, नुसता अडतो," असं म्हणत पॉलिशपेपर हातात घेत.

आयर्लंडमधल्या सँट्रीत आमची दारं समोरासमोर होती. २०२० मध्ये मी इथल्या औषधकंपनीत आलो आणि पाठोपाठ सगळं बंद झालं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. परदेशात कुणाला काय विचारावं हेही कळत नव्हतं. त्या दिवसांत सुधाकाकू माझ्या दाराशी डबा ठेवत आणि काका रस्त्यापलीकडून विचारत, "जेवलास का रे?" ते ऋण मी आजही मानतो.

निवृत्त काकांना एकच नाद, नेमबाजीचा. पुढच्या वर्षी क्लब उघडल्यावर मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो, तर त्यांच्या गोळ्या कागदी लक्ष्यावर कुठल्या कुठे विखुरल्या. त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात किंचित थरथरू लागला होता.

"आता पुरे," काकू म्हणाल्या. "चहाची बशी वाजते तुमच्या हातात."

"हात नाही, रायफलीचा दस्ता असेल. इथल्या दमट हवेत लाकूड फुगून नळीला टेकत असणार." मग म्हणाले, "हातच असला, तर परवान्याचं नूतनीकरण करणार नाही. पण आधी लाकूड तपासू."

मागच्या बागेत त्यांनी नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून पट्टी सरकवली. ती निम्म्यावर अडली. "बघ! अडली!" काकांना केवढा आनंद! स्क्रू काढून नळी उचलली, तर लाकडाच्या पन्हळीत तेलाने घट्ट चिकटलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा!

"सुधा, ही तुझी अक्षता!"

मागच्या खंडेनवमीला काकूंनी रायफलीची पूजा केली होती. त्या बाहेर आल्या आणि उलट त्यांनाच म्हणाल्या, "मग नंतर पुसायला काय झालं होतं?"

"देवाला वाहिलेलं कसं पुसू?"

"मग देवानेच नेम चुकवला म्हणा!"

दाणा निघाला, तरी पुढे लाकूडही थोडं टेकतच होतं. गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून काका हलक्या हाताने पन्हळ घासू लागले. मी जोर लावला की ओरडत, "अरे, घासलेलं लाकूड परत येत नाही! दोन हात मार आणि पट्टी घाल." पट्टी टोकापर्यंत सहज सरकू लागली, तेव्हा उघड्या लाकडाला तेल पाजून त्यांनी ते वाळवलं आणि स्क्रू आळीपाळीने, सारखे आवळले.

क्लबात त्यांनी आधी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून गोळ्या झाडल्या. सगळी छिद्रं एका बटणाखाली झाकली जातील इतकी जवळ. मग पिशव्या बाजूला सारून हातांवर तोलून झाडल्या. पुन्हा सगळं विखुरलं.

शेजारचा म्हातारा आयरिश मित्र म्हणाला, "ग्रँड, अरविंद, चालायचंच. आज वारा आहे."

काकांनी वारा दाखवणाऱ्या निशाणाकडे पाहिलं. ते काठीला चिकटून लटकत होतं. माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "वारा नाही."

उन्हाळा संपता संपता रीतसर कागदपत्रं करून त्यांनी रायफल क्लबातल्या एका नव्या मुलीला दिली. परत येताना मी विचारलं, "काका, हाताचं तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग एवढी मेहनत कशाला?"

"रायफलीवर आळ ठेवून तिला दुसऱ्याच्या घरी कशी पाठवू?"

त्या खंडेनवमीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. पाटावर रायफलीच्या जागी ती कागदाची पट्टी ठेवली होती. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता उचलल्या आणि हात तसाच थांबवून काकांकडे पाहिलं.

"वाह गं," काका म्हणाले. "आता हव्या तेवढ्या वाह."