न उघडलेली एकोणीस पाकिटं

रेनो कांगासच्या सॉ मिलमधल्या करवतींना मी बावीस वर्षं धार लावली. माणूस कसा आहे ते त्याच्या करवतीवरून कळतं, असं माझं मत आहे आणि ते मी या वयात बदलणार नाही. काही लोक खिळे रुतलेला ओंडकाही तसाच रेटतात, आणि दात तुटले की धारवाल्याला बोल लावतात. रेनोकडून पाती यायची ती झिजलेली असायची, तुटलेली कधी नाही. ओंडका यंत्रावर चढवण्याआधी तो त्यावरून तळहात फिरवायचा. विकत घ्यायच्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश.

मिशिगनच्या या वरच्या टोकाला आमचे आजे फिनलंडहून आले. येताना त्यांनी सौना आणली आणि गप्प राहणं आणलं. दोन्ही आम्ही अजून टिकवून आहोत. शनिवारी तापल्या दगडांच्या त्या लाकडी खोलीत आम्ही उघडे बसतो, पण प्रत्येकाची नजर दगडांवर असते. शेजाऱ्याच्या अंगाकडे बघायचं नाही, आणि त्याच्या अडचणीकडे तर त्याहून नाही. ही रीत मी आईच्या मांडीवर शिकलो.

देशभर घरं बांधायची थांबली, त्या साली रेनोच्या फळ्यांच्या थप्प्या अंगणात तशाच राहिल्या. त्यांच्यावर बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो मोठ्या गावातल्या एका वकीलबाईंकडे गेला. त्याची बायको आयली बरोबर होती, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

बाईंनी तीन वाटा सांगितल्या. मिलला टाळं लावायचं, सगळं विकायचं आणि येईल ते वाटून मोकळं व्हायचं, ही एक. पगारदार माणसं करतात तसं स्वतःच्या नावावर हप्ते बांधून घ्यायचे, ही दुसरी. पण तिला कर्जाची मर्यादा असते, आणि रेनो ती ओलांडून बसला होता. तिसरी वाट म्हणजे कोर्टाच्या आडोशाला मिल चालू ठेवायची आणि पाच वर्षांत जमेल तेवढं फेडायचं. बँक तिला तयार झाली होती. पण ज्यांची उधारी अडकली होती, त्यांचीही मतं घ्यावी लागणार होती.

"कोण कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं.

"गावातलेच एकोणीस," रेनो म्हणाला. "ओंडकेवाला, धारवाला, डिझेलवाला, असेच. आणि शिकागोकडची एक कंपनी. फळ्या वाळवायचं यंत्र त्यांच्याकडून उधारीवर आणलं होतं."

"कंपनी नाही म्हणेल. पण गावकऱ्यांची रक्कम तिच्या तिपटीहून जास्त आहे, ते हो म्हणाले की झालं. फक्त एक ध्यानात ठेवा, आलेली मतंच मोजतात. घरी ठेवलेलं मत कोणी मोजत नाही. म्हणून घरोघर जा आणि सांगा."

"बाई, त्यांचे पैसे मी अडकवले. आता त्यांच्या दारात जाऊन वर मतही मागू?"

"मागू नका. मतपत्रिका कोर्टाच्या पाकिटातून त्यांच्या घरी जाईल. नुसतं 'पाकीट उघडा' एवढं म्हणा."

रेनोनं मान हलवली. आयली म्हणते, तेव्हाच तिला कळलं होतं की हा जाणार नाही.

पाकिटं आली. कोर्टाचा शिक्का, विटेएवढी जाड. आत रेनोच्या घराचा सगळा हिशेब असणार, आयलीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत, हे आम्ही न उघडताच ओळखलं. कॉफीच्या दुकानात ओंडकेवाला वाइनो म्हणाला, "माझं तर दाराला अडसर म्हणून लावलंय. वाऱ्यानं दार आपटायचं, आता आपटत नाही."

"उघडलंस?" मी विचारलं.

"मी काय त्याच्या घरातली कपाटं उघडत फिरू?"

मला त्याचा अभिमान वाटला. माझंही पाकीट पाव ठेवायच्या डब्यामागे तसंच होतं.

मत पाठवायच्या मुदतीला चार दिवस होते, तेव्हाच्या शनिवारी रेनो माझ्याकडे सौनाला आला. बराच वेळ आम्ही दगडांकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, "तुझ्याकडे पाकीट आलं असेल, ऑनी."

"आलं."

"जाड आहे जरा."

"आहे खरं." मला वाटलं, बिचारा लाजतोय. त्याच्या मनावरचं ओझं उतरवावं म्हणून मी म्हणालो, "तू घोर लावून घेऊ नकोस. मी ते उघडलेलं नाही. कोणीच उघडलेलं नाही."

त्यानं दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि वाफेत तोंड धरून बसला. मग म्हणाला, "बरं."

उधारीवाल्यांपैकी कोर्टात एकच मत पोचलं, कंपनीचं. नाही म्हणणारं. उधारीवाल्यांचा होकार नसेल, तर सगळ्यांचे पैसे चुकते केल्याशिवाय मालकाला मिल राखता येणार नाही, असा तेव्हा कायदा होता. पुढे दहा वर्षांनी तो छोट्या धंदेवाल्यांसाठी बदलला. आता मतांवाचूनही योजना मंजूर होऊ शकते म्हणतात. रेनोच्या मिलचा लिलाव वसंतात झाला. आम्ही एकोणीसही जण गेलो होतो आणि टोप्या हातात घेऊन उभे होतो.

आयली गाडीपाशी एकटी होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "आयली, आम्ही त्याचा मान राखला. एकानंही आत डोकावून बघितलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "परतीच्या पाकिटांवर तिकिटं मीच चिकटवली होती. वीस तिकिटं. परत आलं एक." मग गाडीचं दार उघडत म्हणाली, "त्या कंपनीनं निदान वाचलं तरी."

घरी येऊन मी डब्यामागचं पाकीट फाडलं. यादीत सातव्या ओळीवर होतो मी: ऑनी लाहती, करवतीची धार, अकराशे चाळीस डॉलर. पाच वर्षांत त्यातले सातशे देईन, असं त्यानं लिहून दिलं होतं. वेगळ्या कागदावर दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. एकावर फुली करायची, सही करायची, बस्स. कॉफी निवायच्या आत होणारं काम. तिकीट आयलीनं सरळ, नीट कडेला कडा लावून चिकटवलं होतं.

रेनो आता पस्तीस मैलांवरच्या दुसऱ्याच्या मिलमध्ये रोजानं जातो. तिथले मालक ओंडक्यावरून हात फिरवू देत नाहीत, वेळ जातो म्हणतात. शनिवारी तो अजून येतो, आयलीनं भाजलेला वेलचीचा पाव घेऊन. मी दर वेळी ठरवतो की आज त्या शनिवारचं बोलायचं. मग तो पळी उचलतो आणि विचारतो, "टाकू का पाणी?"

"टाक," मी म्हणतो.